विभावरीकाकूंचे दोन राघू

विभावरीकाकूंच्या दिवाणखान्यात एका मेलेल्या गोऱ्या मुलीचे केस काचेत घालून टांगलेले आहेत, असं आमच्या न्यू लिन या उपनगरात बोललं जातं. बोलणारी माणसं तशी मोजकीच, पण ती प्रत्येक व्हॉट्सॅप ग्रुपवर आहेत. मूळ बातमी स्नेहलतामावशीची. ती हळदीकुंकवाला गेली, वाण घेतलं, मान वर केली आणि समोर केस. पार्किंगमधूनच तिने माझ्या आईला फोन लावला. "अगं, तपकिरी केस. कापडावर टाचून ठेवलेत. अन् खाली इंग्लिशमध्ये लिहिलंय की मी नसेन तेव्हा हे बघून माझी आठवण काढा. मी बाई तिळगूळ तोंडातसुद्धा घातला नाही, तसाच पर्समध्ये टाकला." स्नेहलतामावशी गुपित सांगताना आवाज कमी करते आणि वेग वाढवते, त्यामुळे तिचं गुपित ट्रॅफिकच्या बातम्यांसारखं ऐकू येतं.

तर ते केस नाहीत. रेशीम आहे. पूर्वी काळं रेशीम रंगवताना लोखंडाचं पाणी वापरत, दीडशे वर्षांत तेच लोखंड रेशीम कुरतडतं, काळ्याचं तपकिरी होतं आणि दोरा केसासारखा पिंजारतो. हे मला विभावरीकाकूंनी सांगितलं, आणि त्या सांगतात तेव्हा मध्ये बोलता येत नाही. खरी गोष्ट केसांची नाहीच. ती त्याच भिंतीवरच्या दोन हिरव्या राघूंची आहे. ती बाहेर आली तर काकूंनी आयुष्यभर मिरवलेलं नाव जाणार होतं, आणि आली नसती तर दुसऱ्या एका बाईचं नाव कधी लागणारच नव्हतं.

विभावरी प्रमोद मोघे, वय सत्तावन्न, माहेर मिरज. नोकरी पेनरोजच्या एका गोदामात, ग्राहकांनी परत पाठवलेले कपडे तपासण्याची. कोणी "शिवण उसवली" म्हणून शर्ट परत केला की तो काकूंच्या टेबलावर येतो. काकू तो उलटा करतात, चष्मा कपाळावरून नाकावर आणतात आणि निकाल देतात की शिवण उसवलेली नाही, बगलेत जबरदस्ती झालेली आहे. त्यांचं पेटंट वाक्य एकच आहे. "मी नाही म्हणत, कापड म्हणतंय." म्हणताना दोन्ही तळवे वर करतात, जणू कापडाने ऐनवेळी त्यांनाही अडचणीत आणलंय.

शनिवारी काकू ऑप शॉपमध्ये जातात. ऑप शॉप म्हणजे लोकांनी दान दिलेल्या जुन्या वस्तूंची दुकानं. बाकीची मराठी मंडळी तिथे जात नाहीत, किंवा जाताना दिसत नाहीत. काकू उजळ माथ्याने जातात आणि दारातूनच माओरी भाषेत नमस्कार घालतात. "किया ओरा. कॅन आय सी द बॅक?"

"द बॅक ऑफ व्हॉट, लव्ह?"

"एव्हरीथिंग."

त्यांना हवं असतं ते सॅम्पलर. शे-दीडशे वर्षांपूर्वी इंग्लंडात, आणि मग बोटीने इकडे येऊन राहिलेल्या घरांमध्ये, आठ-नऊ वर्षांच्या मुलीला एक कापड, एक सुई आणि भरपूर उपदेश देत. तिने त्यावर ए टू झेड भरायचं, मग आकडे, मग एक घर, दोन झाडं, घरापेक्षा मोठा पक्षी, देवाची एखादी ओळ आणि सगळ्यात खाली आपलं नाव, वय, साल. अक्षरओळख झाली, शिवण झालं, तोंड बंद राहिलं आणि पुढे लग्नाच्या वेळी दाखवायलाही काहीतरी झालं. मुली मोठ्या झाल्या, म्हाताऱ्या झाल्या, गेल्या. कापडं राहिली. नातवंडांनी खोकी भरभरून दान केली, आणि जुन्या जॅंडल्स, म्हणजे रबरी चपला, आणि कोड्यांच्या डब्यांखालून ती उपसून काढायला मिरजेहून काकू आल्या.

त्यांच्याकडे अशी अकरा आहेत. मी शनिवारी त्यांच्याकडे जायचे ते त्यांची इंग्रजी माहिती टाइप करायला आणि फोटो काढायला. आईनेच पाठवलं होतं, "तेवढंच मराठी कानावर पडेल" म्हणून. पडलं. पहिल्याच दिवशी काकूंनी एक चौकट भिंतीवरून काढली आणि उलटी करून माझ्यापुढे ठेवली. मागे पुठ्ठ्याऐवजी काच होती. सगळ्या चौकटींना दोन्हीकडून काच.

"पुढून काय बघायचंय? चेहरा कुणीही धुवून येतं. पाठ बघावी. ही बघ, हिने दोऱ्याला गाठ मारलीये, म्हणजे घाई. इथे लाल दोरा चार बोटं ओढत नेलाय, म्हणजे आळस. इथे रक्ताचा डाग, म्हणजे नऊ वर्षांची पोर. आणि इथून पुढे एकही गाठ नाही, सगळी टोकं टाक्यांखाली सरकवलेली. म्हणजे?"

"म्हणजे ती शिकली?"

"एका ओळीत? म्हणजे आईने हातातून ओढून घेतलं. मी नाही म्हणत, कापड म्हणतंय."

काकूंची ही कीर्ती टौरंगापर्यंत गेली. तिथे गावाबाहेर गोऱ्यांच्या पहिल्या वस्तीतलं एक लाकडी घर जपून ठेवलेलं आहे, आणि ते जपतात ग्लेनिस नावाच्या निवृत्त शिक्षिका. ग्लेनिसबाई "टेन"ला "टिन" म्हणतात, "व्हेरी"ला "व्हिरी" म्हणतात आणि वाईट बातमी असो की चांगली, आधी "लव्हली" म्हणून घेतात. त्या घरात त्यांच्या खापरपणजीचं सॅम्पलर आहे. ॲग्नेस, वय आठ, साल १८७१. काकू मागच्या वर्षी ते बघायला गेल्या आणि अर्थातच उलटं करून मागितलं. मीही बरोबर होते.

"टू हॅंड्स," काकू म्हणाल्या.

"मोस्ट ऑफ अस हॅव टू, डिअर."

"नो, नो. टू पीपल. लेटर्स बाय ॲग्नेस. हाउस बाय समबडी एल्स. आय ॲम नॉट सेइंग. क्लॉथ इज सेइंग."

ग्लेनिसबाई "लव्हली" म्हणाल्या आणि तीन आठवडे त्यांची ईमेल आली नाही. मी काकूंना म्हटलं, अहो, कशाला त्यांच्या पणजीच्या मागे लागलात, आठ वर्षांची होती ती. काकू म्हणाल्या, "वय आठ असो की ऐंशी, दुसऱ्याच्या टाक्यांखाली आपलं नाव घालायचं नाही." हे त्या ज्या ठामपणे म्हणाल्या, ते मला नंतर बऱ्याचदा आठवलं. चौथ्या आठवड्यात ईमेल आली. पाटी बदलली होती. ॲग्नेस, वय आठ, आणि आणखी एक हात. शिवाय एक आमंत्रण होतं. सप्टेंबरमध्ये मुलींच्या सॅम्पलरांचं प्रदर्शन भरवतोय, तुमची तीन द्या, आणि तुमच्या संस्कृतीतलंही काही असेल तर आणा.

असेल तर, म्हणजे काय. ते तर सोफ्याच्या वरच होतं.

पांढऱ्या दोसुतीवर, म्हणजे दुहेरी सुताच्या जाड कापडावर, आधी अ ते ज्ञ. मग एक ते दहा आकडे. त्याखाली तुळशीवृंदावन आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक राघू. हिरवे, लाल चोचीचे, इतके सुबक की जवळ जाऊन बघितल्याशिवाय टाके दिसत नाहीत. खाली नाव, विभावरी मुकुंद आपटे, इयत्ता पाचवी, १९७७. मिरजेच्या मुलींच्या शाळेत शिवणाच्या बाईंनी वर्गाकडून करून घेतलं होतं, आणि हस्तकला प्रदर्शनात त्याला पहिलं बक्षीस मिळालं. बक्षिसाचा स्टीलचा डबा अजून काकूंच्या स्वयंपाकघरात आहे, त्यात मोहरी असते. त्या राघूंवरून त्यांना पुढे शिवणाच्या पदविकेला घातलं. त्या राघूंवरूनच लग्न ठरलं. प्रमोदकाकांची आई मुलगी बघायला आली, पोह्यांची बशी बाजूला ठेवली आणि भिंतीकडे बघून म्हणाली, "हे कुणी केलं?" काकूंची आई म्हणाली, "विभाने." चहा द्यायला त्यांची थोरली बहीण शकुंतला आली होती. तिच्याकडे कुणी बघितलं नाही.

प्रमोदकाका सॉफ्टवेअरमध्ये आहेत आणि संसाराबद्दलही स्टेटस रिपोर्ट दिल्यासारखं बोलतात. "बेसिकली, मी राघूंशी लग्न केलं. विभा ऑफरमध्ये आली."

पाहुण्यांना हे कापड दाखवताना काकू नेहमी एक पुस्ती जोडायच्या. विनय म्हणून. "डावीकडच्या राघूची चोच जरा बिघडली बघा. टायफॉइड होता ना मला तेव्हा." पाहुणे म्हणायचे, छे हो, कुठे काय, आणि काकू म्हणायच्या, नाही, मला दिसते ना.

ग्लेनिसबाईंनी एक फॉर्म पाठवला. प्रत्येक कापडाचा पुढचा फोटो आणि मागचा फोटो. कंसात लिहिलं होतं, विभावरीचा नियम. तीन इंग्रजी सॅम्पलरांचे फोटो काढून झाले. राघूंची चौकट मी उलटी केली तर मागे काच नव्हती. जाड पुठ्ठा, त्यावर खाकी कागद, कडेने चिकटपट्टी, आणि त्या पट्टीवर आणखी एक पट्टी.

"काकू, याला मागे काच कशी नाही?"

"राहिली बसवायची."

"सत्तेचाळीस वर्षं?"

"तू फोटो काढ पुढून. लिही की जुनं कापड आहे, उघडलं तर फाटेल."

मी कॅमेरा जवळ नेला. काकूंनीच मला शिकवलं होतं की फुलीच्या टाक्यात दोन तिरके पाय असतात, एक खाली, एक वर, आणि एका माणसाच्या सगळ्या फुल्यांचा वरचा पाय एकाच बाजूला झुकतो. अ ते ज्ञमध्ये वरचा पाय उजवीकडे झुकत होता. राघूंमध्ये डावीकडे. वृंदावनात डावीकडे. मग खालच्या नावात पुन्हा उजवीकडे. हे इतकी वर्षं काचेतून सगळ्यांना दिसत होतं, पण राघू समोर असताना फुल्या कोण बघतं. मी फोटो मोठा केला आणि फोन त्यांच्यापुढे धरला.

"मी नाही म्हणत, काकू."

काकू खाली बसल्या. आधी म्हणाल्या की फोन आडवा धरलाय. मग म्हणाल्या की तापात हात बदलतो. मग स्वतःच उठून कात्री आणली, खाकी कागद कापला आणि पुठ्ठा काढला.

वरच्या अर्ध्या भागात गाठीच गाठी होत्या, मुंग्यांच्या वारुळासारख्या. एका अक्षरातून दुसऱ्यात दोरे ओढत नेलेले. राघूंपासून खाली पाठ इतकी स्वच्छ की ती पुढची बाजू म्हणून खपली असती. मग नावापाशी पुन्हा वारूळ.

"शकुची आहे ही पाठ," काकू म्हणाल्या.

शकुमावशी काकूंहून चार वर्षांनी मोठी. डावखुरी. मिरजेच्या घरात जेवायला उजवा हात, लिहायला उजवा, प्रसाद घ्यायला तर दोनदा उजवा. त्यामुळे उजव्या हाताने तिचं सगळंच सांडायचं आणि तिचे हात धोंड्याचे म्हणून प्रसिद्ध झाले. सुई मात्र ती डाव्या हातात धरायची, कारण शिवायला बसलेल्या मुलीकडे कुणी निरखून बघत नाही. काकू पाचवीत असताना टायफॉइडने तीन आठवडे पडल्या. कापड अर्धं झालेलं, शाळेची तारीख आलेली. आईने शकुला पलंगाजवळ बसवून उरलेलं भरून घेतलं, नावापुरती जागा सोडून. ताप उतरला तेव्हा आईने विभाच्या हातून नाव घालून घेतलं आणि राघू दाखवून सांगितलं, तूच केलेस, तापात तुला आठवत नाही.

"मी दोन दिवस विश्वास ठेवला," काकू म्हणाल्या. "मग उलटं करून बघितलं."

"आणि?"

"आणि काय. तोपर्यंत बक्षीस लागलं होतं."

त्या दिवसापासून ही बाई जगातलं प्रत्येक कापड उलटं करून बघतेय, एक सोडून.

शकुमावशी आता कुठे असते म्हणाल, तर टौरंगालाच. तिचा मुलगा वरुण तिथे आहे. मोसमात ती किवीफ्रूटच्या पॅकहाउसमध्ये फळं निवडायला जाते, डाव्या हाताने, आणि तिच्या रांगेतल्या पंचविशीतल्या पोरी तिचा वेग गाठताना रडकुंडीला येतात. दोघी बहिणी रोज फोनवर बोलतात. गुडघे, कढीलिंब, वरुणचा डाएट. सत्तेचाळीस वर्षांत राघू कुणी भरले हा विषय दोघींपैकी कुणी काढला नाही. आता ते राघू शकुमावशीच्या घरापासून दहा मिनिटांवर टांगले जाणार होते, खाली पाटी लागणार होती, विभावरी, वय दहा, आणि शकुमावशीला उद्घाटनाचं आमंत्रण स्वतः काकूंनीच दिलेलं होतं.

"मग सांगून टाका ना ग्लेनिसबाईंना," मी म्हटलं.

"काय सांगू? त्यांच्या पणजीची पाटी बदलायला लावली तीच मी म्हणून?"

"हो."

"हिला सगळं सोपं वाटतं. स्वीट ॲज, नो वरीज, हीप्स ऑफ टाइम." हे काकूंनी माझ्या आवाजात म्हटलं आणि कबूल करायला हवं, बरं म्हटलं. मग थांबून म्हणाल्या, "सासूबाईंनी मला राघूंवरून पसंत केलं, ईशा. त्या जाईपर्यंत म्हणायच्या, माझ्या सुनेच्या बोटांत लक्ष्मी आहे. मंडळात सगळ्या मला विचारून टाके घालतात. ते काढून घेतलं तर खाली काय उरतं, तर ती वरची गाठाळ अक्षरं."

"आणि शकुमावशी?"

"तिला कुठे काय वाटतं. ती कधी बोलली का?"

मी लिहून पाठवलं की कापड जुनं आहे, मागचा फोटो शक्य नाही. अर्ध्या तासात उत्तर. नो वरीज ॲट ऑल, वी ट्रस्ट यू. काकूंनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि मग उगाचच भांडी घासली.

उद्घाटनाच्या शनिवारी प्रमोदकाका गाडी चालवत होते, काकू पुढे आणि मागे मी आणि राघू. राघूंना सीटबेल्ट लावला होता. वाटेत मटामाटा गावाला प्रमोदकाका कॉफी आणायला उतरले, तेवढ्यात मी म्हटलं, "तुम्ही सांगणार नाही."

"कशावरून?"

"सांगायचं असतं तर काकांना तरी सांगितलं असतं. अडतीस वर्षं झाली लग्नाला."

काकूंनी आरशातून माझ्याकडे बघितलं. "लाव पैज."

"लावते. सगळ्यांसमोर, शकुमावशी खोलीत असताना सांगायचं. नाही सांगितलंत तर मी दिवाळीला मंडळाच्या स्टेजवर तुमची नक्कल करणार. कापडासकट."

"आणि सांगितलं तर तू दोसुतीवर अ ते ज्ञ भरायचं. फुलीच्या टाक्यात. माझ्यासमोर बसून."

मी लगेच हो म्हटलं. मला माणसं माहीत आहेत असं मला वाटत होतं. मी तर मनातल्या मनात स्टेजवरची एंट्रीसुद्धा बसवून टाकली.

त्या लाकडी घराच्या बैठकीच्या खोलीत तीसेक माणसं, चहा, लॅमिंग्टन केक आणि ब्रेडमध्ये गुंडाळलेलं ॲस्परॅगस. राघू खिडकीशेजारी टांगले. पाटी छापून तयार होती. शकुमावशी आली, सुती साडीवर निळं पफर जॅकेट, पायात मोजे घालून जॅंडल्स. ती भिंतीपाशी गेली, राघूंकडे बघितलं, पाटीकडे बघितलं.

"काच पुसली नाहीस वाटतं," ती काकूंना म्हणाली.

"पुसली की."

"बरं बाई."

आणि ती डाव्या हातात सॅंडविच घेऊन मागच्या खुर्चीवर जाऊन बसली.

काकूंचं भाषण मीच टाइप केलं होतं. मिरज, शाळा, दोसुती म्हणजे काय, शिवणाच्या बाई. त्यांनी ते संथ, कडक इंग्रजीत वाचलं, प्रत्येक पूर्णविरामाला नाक वर करून, आणि "थँक यू" म्हणून बसल्या. टाळ्या झाल्या. प्रमोदकाकांनी फोटो काढला. मी दिवाळीच्या एंट्रीत एक टाळी वाढवली.

मग ग्लेनिसबाई ॲग्नेसच्या सॅम्पलरपाशी गेल्या. म्हणाल्या, दीडशे वर्षं आमच्या घरात आम्ही मानत होतो की हे सगळं आठ वर्षांच्या ॲग्नेसचं आहे. विभावरीने सांगितलं की दुसरा हात आहे, तेव्हा खरं सांगायचं तर मला राग आला. "आय वॉज व्हिरी क्रॉस." मग महिनाभर मी कापडावरच्या त्या घराकडे बघत बसले. ते बहुतेक तिच्या आईने भरलं. तिची आई दोन वर्षांनी बाळंतपणात गेली. तिच्या हातचं दुसरं काहीही आमच्याकडे नाही, आणि हे आहे हे आम्हाला माहीतच नव्हतं.

खोलीत कुणीतरी कप खाली ठेवला.

"एक्स्क्यूज मी," काकू म्हणाल्या. त्या उभ्या राहिल्या होत्या. "वन करेक्शन. माय लेबल इज राँग. लेटर्स आर माइन. लेटर्स आर नॉट गुड. द बर्ड्स आर हर्स." आणि त्यांनी मागच्या खुर्चीकडे बोट केलं.

तीस माणसं वळली. शकुमावशीच्या तोंडात घास होता. तिने तो सावकाश चावला, गिळला आणि मराठीत विचारलं, "विभे, काय बोलतेस?"

"खरं बोलतेय."

"तुला कुणी सांगितलं?"

"पाठीने."

"कधी?"

"सत्त्याहत्तर साली."

शकुमावशी उठली. ती रडेल असं मला वाटलं, ग्लेनिसबाईंनाही वाटलं असावं, त्यांनी टिश्यूचा डबा पुढे केला. शकुमावशीने डबा बाजूला सारला.

"म्हणजे तुला माहीत होतं."

"हो, शकु."

"म्हणजे माहीत असून तू माझ्या राघूच्या चोचीला नावं ठेवत होतीस?"

"कुठल्या चोचीला?"

"डावीकडच्या. तुझ्या लग्नात ठेवलीस. मुंजीत ठेवलीस. माझ्या वरुणच्या वास्तुशांतीला, माझ्या घरात, माझा वरणभात खाऊन ठेवलीस. ताप होता ना, चोच बिघडली. मी गप्प. आईने शपथ घातली होती, विभाला कळू देऊ नकोस, तिचं मन मोडेल. म्हटलं, हिला वाटतंय आपणच केलीये, ठेवू दे नावं, स्वतःलाच ठेवतेय. आणि तू."

"पण शकु, ती वळलेलीच आहे."

"राघूची चोच वळलेलीच असते. मी खिडकीतून समोरच्या पेरूवरचा बघून काढलाय तो. चार दिवस लागले त्या चोचीला. तू शेजारी घोरत होतीस."

"मी तापात होते."

"तापात घोरत होतीस."

ग्लेनिसबाई माझ्या कानाशी आल्या. "इज इट अ ब्लेसिंग, डिअर?"

"सॉर्ट ऑफ," मी म्हटलं.

प्रमोदकाका इतका वेळ हिशोब जुळवत असावेत. "म्हणजे बेसिकली," ते म्हणाले, "मी शकुताईंच्या..."

"तुम्ही गप्प बसा हो," दोघी एकदम म्हणाल्या.

पाटी तिथल्या तिथे बदलली. ग्लेनिसबाईंनी मार्कर घेतला आणि शाळेच्या फळ्यावर असतं तशा अक्षरांत लिहिलं, विभावरी, वय दहा, आणि शकुंतला, वय चौदा. शकुमावशीने ते वाचलं, आणि आणखी एक ओळ लिहिल्याशिवाय मी घरी जाणार नाही म्हणाली. भाषांतर मला करावं लागलं. त्यामुळे टौरंगाच्या त्या घरात पाटीवर आजही तिसरी ओळ आहे की डावीकडच्या पक्ष्याची चोच बरोबर आहे. लोक येतात, वाचतात, चोच निरखून बघतात आणि मान डोलावतात.

काकूंचं नाव गेलं का? थोडं गेलं. मंडळात दोघीतिघींनी टाके विचारणं बंद केलं, आणि एकीने फोन करून शकुमावशीचा नंबर मागितला. काकूंनी तो दिला, पण एक आकडा सांगताना बराच वेळ घेतला. शकुमावशी दहा दिवस फोनवर बोलली नाही. अकराव्या दिवसापासून ती रोज सकाळी काकूंना तिच्या कुंपणावर येणाऱ्या रंगीत पोपटांचे फोटो पाठवू लागली, खाली काहीही न लिहिता. चोच मध्यभागी येईल असे. काकू प्रत्येक फोटोला थम्स-अप देतात, आणि मग फोन टेबलावर पालथा ठेवतात.

आणि मी हरले. मी मटामाटाला गाडीत म्हटलं होतं की तुम्ही सांगणार नाही, आणि त्यांनी तीस माणसांसमोर सांगितलं. त्यामुळे आता दर शनिवारी काकूंच्या डायनिंग टेबलाशी मी, दोसुती आणि सुई. मी गाठ मारायला लागले की त्या नुसत्या खाकरतात. आतापर्यंत अ, आ, इ झालेत. ई काल उसवायला लावला.